ओटीपी सांगू नका. मग भरायचा कुणी?

बँक सांगते, ओटीपी कुणालाही सांगू नका. पोलीस सांगतात, सांगू नका. मध्यंतरी तर फोन लावला की रिंग वाजायच्या आधी हीच ताकीद वाजायची.

आणि वेबसाइट अशा बांधल्या जातात की सत्तरीच्या माणसाला ओटीपी दुसऱ्याला दिल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

कुणाला देतो तो? नातवाला. शेजारच्या पोराला. सेवा केंद्रातल्या ऑपरेटरला. सगळी भली माणसे असतात. बहुतेक वेळा.

त्या ‘बहुतेक’वर कुणाची तरी जन्माची पुंजी टांगलेली असते.

तालुक्याच्या गावी एखाद्या महा ई-सेवा केंद्रात अर्धा तास उभे राहून बघा. बाकावर मावशी बसलेल्या. मांडीवर प्लास्टिकची पिशवी. त्यात आधार, रेशन कार्ड, पासबुक, वीजबिल, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. नंबर लागला की ऑपरेटर मान वर न करता म्हणतो, “मावशी, मोबाइल द्या.” मावशी मोबाइल देतात. लॉक असेल तर त्याच्यासमोरच उघडून देतात. तो मेसेज उघडतो, सहा आकडे टाकतो, मोबाइल काउंटरवर ठेवतो, “झालं” म्हणतो. काय झाले? मावशींच्या नावाने अर्जात नेमके काय लिहिले गेले? ते मावशींना ठाऊक नसते.

सही त्यांची, अर्ज त्यांचा, चूक निघाली तर चकराही त्यांच्याच.

ऑपरेटरला दोष देऊ नका. त्याच्यासमोर रांग असते आणि सर्व्हर मधूनच झोपतो. तो नसता तर निम्म्या तालुक्याचे दाखले अडले असते. दोष त्या पानाचा, जे मावशींना स्वतः भरताच येऊ नये इतके अवघड करून ठेवले आहे.

इथे कुणीतरी लगेच म्हणेल, लोकांना डिजिटल साक्षर करा. जरूर करा. पण आधी एक सांगा. याच मावशी नाशिकच्या बहिणीला व्हॉट्सॲपवर दोन-दोन मिनिटांचे निरोप बोलून पाठवतात. दुबईतल्या जावयाला व्हिडिओ कॉल लावतात. यूट्यूबच्या माइकवर बोट ठेवून “कीर्तन” म्हणतात आणि हवे ते कीर्तन ऐकतात. यासाठी कोणता वर्ग भरला होता? कोणते प्रमाणपत्र मिळाले होते?

माइक दाबा, बोला, सोडा. जमले की!

म्हणजे शिकायची तयारी आहे, बोट चालते, डोके चालते. सरकारी अर्जापाशी आले की हेच बोट थरथरते. मग बिघाड बोटात आहे की अर्जात?

जन्मतारखेचा रकाना घ्या. त्यावर टेकले की छोटे कॅलेंडर उघडते, चालू महिन्याचे. १९४८ साली जन्मलेल्या माणसाने मागे कसे जायचे? कोपऱ्यातल्या बारीक बाणाने, एकेक महिना. सत्त्याहत्तर वर्षे, वर्षाला बारा महिने. नऊशेहून जास्त वेळा बोट टेकवायचे. वर वर्षाचा आकडा असतो, त्यावर टेकले की वर्षांची यादी उघडते. ज्याला माहीत त्याला माहीत. पानावर तसे लिहिलेले मात्र नसते.

ब्रिटनच्या सरकारने आपल्या वेबसाइटसाठी घालून दिलेल्या नियमांत यावर तोडगा आहे. तीन चौकटी: दिवस, महिना, वर्ष. आकडे टाका, पुढे जा.

आपल्याकडे तर एका अख्ख्या पिढीतल्या कितीतरी जणांची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली, तीच आयुष्यभर चालली. तीन चौकटींत ती किती वेळात भरून होईल?

मग येतो कॅप्चा. वाकडीतिकडी अक्षरे, त्यांवरून गेलेल्या रेघा, मागे ठिपके. इंग्रजी आय, एल आणि एक हा आकडा, तिन्ही एकसारखे. ओ आणि शून्य जुळी भावंडे. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी ओळखायचे कसे? चुकले की नुसता कॅप्चा बदलून भागत नाही. काही पानांवर आधी भरलेले रकानेही कोरे होतात. पत्ता पुन्हा टाका. खाते क्रमांक पुन्हा टाका.

आपण माणूस आहोत हे म्हाताऱ्या माणसाने यंत्राला किती वेळा पटवून द्यायचे?

वेबसाइट सर्वांना वापरता याव्यात म्हणून जगभर पाळले जाणारे निकष आहेत. त्यांची ऑक्टोबर २०२३ ची आवृत्ती स्पष्ट सांगते: लॉगिन करताना माणसाच्या स्मरणशक्तीची किंवा कोडी सोडवण्याची परीक्षा घेत असाल, तर दुसरा सोपा मार्गही ठेवा. एकदा दिलेली माहिती त्याच कामात पुन्हा मागू नका. हे निकष फुकट वाचायला मिळतात. आपल्या अर्जांत ते दिसतात किती?

ओटीपीचे तर वेगळेच महाभारत. आधारला जोडलेला नंबर मुलाचा. मुलगा भोसरीच्या कंपनीत पाळीवर. कंपनीत मोबाइल गेटवर ठेवावा लागतो. इकडे गावात अर्ज उघडलेला, तिकडे गेटवरच्या कप्प्यात ओटीपी वाजतोय. दहा मिनिटांनी पान म्हणते, मुदत संपली.

नंबर स्वतःचा असला तरी सुटका नाही. मेसेज बघायला वेबसाइटमधून बाहेर पडायचे, आकडे लक्षात ठेवायचे, परत यायचे. स्वस्त मोबाइलची मेमरी तोकडी. परत येईतो पान नव्याने उघडलेले असते. सहा आकडे डोक्यात, आणि ते टाकायला चौकटच नाही.

आता डोळ्यांचे आणि बोटांचे. वयाबरोबर डोळ्यात उजेड कमी शिरतो. भिंग पिवळट होते, निळा-हिरवा फरक पुसट होतो. पांढऱ्यावर फिकट करडी अक्षरे तरुण डिझायनरला देखणी वाटतात. साठीनंतर ती नीट दिसतच नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांत निदान साडेचारास एक एवढा फरक हवा, हा निकष २००८ पासून लिहून ठेवला आहे. शेतात, भट्टीवर, भांड्यांत राबलेल्या बोटांची कातडी कोरडी आणि जाड होते. पडद्याला तो स्पर्श नीट कळत नाही. म्हणून बोट जरा जोरात, जरा जास्त वेळ टेकवले जाते. फोन ते ‘दाबून धरले’ असे समजतो आणि भलतेच काही उघडतो.

“तुम्हाला जमत नाही, द्या इकडे,” असे म्हणत कुणीतरी मोबाइल हातातून काढून घेते.

हे वाक्य घरोघरी रोज बोलले जाते. त्यात माया असते, घाई असते. पण चाळीस वर्षे घर चालवलेल्या माणसाला त्या एका वाक्याने आपण निकामी ठरवतो, हे बोलताना ध्यानात येते का? आणि हे वाक्य आपल्या तोंडून वदवून घेणारा जो कोणी आहे, तो एसी खोलीत बसून पुढच्या वेबसाइटचे रंग निवडतो आहे.

कमी शिकलेल्यांचा प्रश्न याहून निराळा आहे. दोन्ही एकाच पोत्यात भरू नका.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२ टक्क्यांवर होती. बायकांची सुमारे ७६. म्हणजे सात वर्षांवरच्या दर चौघींमागे जवळपास एकीला लिहिता-वाचता येत नव्हते. जिला येत होते, तिनेही चौथीत शाळा सोडलेली असू शकते. अशी व्यक्ती पान कशी वाचते?

जेकब नील्सन हे वेबसाइटच्या वापराचा अभ्यास करणारे नावाजलेले तज्ज्ञ. कमी शिकलेल्या लोकांवरचे निष्कर्ष त्यांनी २००५ मध्ये मांडले. तुम्ही-आम्ही पानावरून नजर फिरवतो, हवे ते टिपतो. कमी शिकलेली व्यक्ती एकेक शब्द लावत पुढे जाते. नजर अरुंद पट्ट्यात चालते. बाजूला काय लिहिलेय ते दिसत नाही. मजकूर दाट झाला की ती वाचणेच सोडते आणि पुढच्या भागावर उडी मारते. शब्द नीट लिहिता येईल याची खात्री नसते, म्हणून शोधायच्या चौकटीच्या वाटेला ती जात नाही.

आता असल्या वाचकासमोर आपण काय ठेवतो? “उपरोक्त नमूद केलेल्या अटी व शर्ती मला मान्य असून सदर माहिती असत्य आढळल्यास...” पुढे सहा ओळी. खाली छोटीशी चौकट. टिक करा.

ती टिक करते. न वाचता. तुम्ही वाचता?

इंद्राणी मेधी यांनी मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या बंगळूरच्या प्रयोगशाळेत उलट बाजूने सुरुवात केली. घरकाम करणाऱ्या बायकांना काम शोधता यावे म्हणून अक्षरांवाचून चालणारे पडदे त्यांच्या गटाने बनवले, आणि बनवताना त्या बायकांनाच समोर बसवले. कळले ते असे: नुसती वस्तू काढून भागत नाही, क्रिया दिसायला हवी. नळ काढला तर त्यातून पाणी पडताना दिसले पाहिजे. चित्राला आवाजाची जोड हवी. एकात एक दडलेल्या याद्यांत माणसे हरवतात. सरळ एकाखाली एक यादी बरी. आणि हे यंत्र आपले काम करते म्हणजे नेमके काय करते, हे छोट्या चित्रफितीत आधी दाखवावे लागते. तेव्हा कुठे विश्वास बसतो.

हे काम आपल्या शेजारच्या राज्यात झाले. होऊन पंधरा-वीस वर्षे लोटली. आपल्या अर्जांत त्याचा मागमूस नाही.

ताजा दाखला हवा? लाडकी बहीण घ्या. योजना २०२४ ची, महिना १,५०० रुपये. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ऑनलाइन ओळख पटवणे, सक्तीची झाली. आधी स्वतःचा आधार क्रमांक, कॅप्चा, ओटीपी. मग नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, पुन्हा कॅप्चा, पुन्हा ओटीपी. ओटीपी येईना म्हणून राज्यभर ओरड झाली.

नवराही वारला, वडीलही वारले, अशा बाईने ओटीपी कुणाचा आणायचा?

हा प्रश्न सुचायला समिती लागत नाही. कोणत्याही गावातल्या चार बायका समोर बसवल्या असत्या तर पहिल्या पाच मिनिटांत एकीने विचारला असता. इथे तो ई-केवायसी निम्म्या वाटेवर असताना कळला. मग मुदत वाढली, मृत्यूचे दाखले अंगणवाडी सेविकेकडे जमा करा असे ठरले. ज्या कागदांपासून सुटका करायला ऑनलाइन आणले, तेच कागद परत आले.

पण खरी मेख पुढे होती. शेवटी एक घोषणा: कुटुंबातले कोणी सरकारी नोकरीत कायम नाही आणि निवृत्तिवेतनही घेत नाही, अशा आशयाची. समोर दोन पर्याय. होय आणि नाही.

घरात कोणीही सरकारी नोकरीत नाही. बाई काय निवडणार?

“नाही.” मराठी बोलणारा कोणीही असेच म्हणेल. आणि ‘नाही’ निवडले की अर्थ नेमका उलटा: घोषणा मान्य नाही, म्हणजे घरात सरकारी नोकर आहे! शेतमजूर बाई एका बोटाच्या टेकण्याने सरकारी कर्मचाऱ्याच्या घरची ठरली. हप्ता थांबल्याच्या तक्रारी आल्या आणि प्रत्यक्ष पडताळणीचे काम पुन्हा अंगणवाडी सेविकांच्याच गळ्यात पडले.

“तुमच्या घरात कोणी सरकारी नोकरीला आहे का?” एवढे विचारायला काय अडचण होती?

यावर “महिलांनी चुकीचा पर्याय निवडला” असे म्हणणे हा त्या बायकांवर अन्याय आहे. पर्याय त्यांनी बरोबर निवडला. प्रश्न चुकला होता.

बायका चुकल्या असे म्हटले की चूक दुरुस्त करायची जबाबदारीही बायकांवर येते. मजुरी बुडवून पुन्हा तालुक्याला. पुन्हा रांग. पुन्हा केंद्राचे पैसे. १,५०० रुपयांतले किती हातात राहिले?

नोव्हेंबर आला की पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ सुरू होते. २०१४ मध्ये जीवन प्रमाण, म्हणजे हाच दाखला डिजिटल रूपात, आले, पुढे मोबाइलसमोर चेहरा धरून दाखला देण्याची सोय झाली. ही सोय चांगलीच आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला रिक्षात घालून बँकेत नेण्याची पाळी टळली, हे लहान काम नाही. पण त्यासाठी एक नाही, दोन ॲप घ्यावी लागतात. दुसऱ्याशिवाय पहिले चालत नाही. ऐंशी वर्षांच्या माणसाला हे कुणी सांगायचे? मग पडदा सांगतो, पापण्यांची उघडझाप करा. चेहऱ्याच्या लकव्याने एका बाजूची पापणी मिटतच नसेल तर?

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात जाऊन आला आहे. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या महिलेला बँकेच्या केवायसीत पापण्या मिटायला सांगितले गेले होते. ३० एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने निकाल दिला: डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. केवायसी सर्वांना करता यावी म्हणून वीस निर्देश दिले. वृद्धांचा, ग्रामीण माणसांचा उल्लेखही त्या निकालात आहे.

म्हणजे आजोबांनी आता “जरा मोठी अक्षरे ठेवा की,” अशी विनवणी करायची गरज नाही. हक्क आहे तो. मागायचा.

कायद्याला तोटा आधीही नव्हता. सरकारी वेबसाइट कशा असाव्यात याची केंद्राची मार्गदर्शिका २००९ मध्ये आली, तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. त्यांचा ठसा बऱ्याच सरकारी वेबसाइटवर दिसतो: वरच्या कोपऱ्यात तीन बारीक ‘ए’, एकाला अधिकचे चिन्ह. दाबून बघा. पुष्कळदा मथळे मोठे होतात, अर्जाचे रकाने होते तेवढेच राहतात. आणि शासन निर्णय? अनेकदा स्कॅन करून टाकलेला कागद. वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला त्यात एक अक्षर दिसत नाही.

दार ठेवले आहे, पण उंबरठा छातीएवढा.

खासगीवाल्यांनी याच अडचणीचा धंदा केला. रिचार्जसोबत आधीच टिक केलेला विमा. “फक्त तीन मिनिटे उरली” म्हणत धावणारे घड्याळ. ‘नको’ हे बटण फिकट, ‘घ्या’ हे ठळक. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी असे तेरा प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. टिक दिसत नाही तो माणूस ती काढणार कशी, हे या कंपन्यांना पक्के ठाऊक असते. सरकारी अर्ज निष्काळजीपणाने अवघड होतात; हे ठरवून केले जातात. दुसऱ्या गुन्ह्याला माफी नको.

आधारचा देशातला पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिला गेला. सुरुवात दुर्गम आदिवासी गावातून करायची, हे तेव्हा कुणाला तरी सुचले होते. त्यानंतर आधारवर उभे राहिलेले अर्ज मात्र हिंजवडीच्या आयटी कंपनीतल्या तरुणाला झेपतील असे होत गेले. मोठा पडदा, वेगवान नेट, इंग्रजी कीबोर्ड, तरणे डोळे.

टेंभलीतल्या बाईसमोर यातला एक तरी अर्ज आधी ठेवून बघितला होता का?

खर्चाचे कारण सांगू नका. पाच माणसांसमोर वेबसाइट ठेवली की बहुतेक मोठ्या अडचणी उघड्या पडतात, हे नील्सन यांनी २००० मध्येच लिहून ठेवले. पाच माणसांना यायचे-जायचे भाडे, दिवसाची मजुरी आणि चहा-जेवण. लाखो अर्ज दुरुस्त करण्यापेक्षा हे स्वस्त पडते, हे सांगायला लेखापाल लागत नाही.

तेव्हा निविदेतच अट घाला. ठेकेदाराचे शेवटचे बिल निघण्याआधी साठीच्या पुढचे पाच जण आणि जेमतेम वाचता येणाऱ्या पाच जणी तो अर्ज स्वतः भरतील. स्वतःच्या मोबाइलवर, गावातल्या नेटवर्कवर, स्वतःचा ओटीपी स्वतः टाकून. शेजारी खात्याचा अधिकारी बसेल. बघेल, पण बोलणार नाही, बोट दाखवणार नाही. जिथे हात थांबला ते पान परत जाईल. कुणी मोबाइल पुढे करून “तूच भर बाबा” म्हणाले, तर बिल थांबेल.